धाकटीचं पित्त

शेवटचा घास गिळून झाल्यावरही थोरलीला तपासणीच्या खोलीतच बसवून ठेवलं होतं. सकाळी रिकाम्या पोटी बोलावून डॉक्टरांनी तिला मोहरीच्या दाण्याएवढं उकडलेलं अंडं दिलं होतं. मग थांबून वाटाण्याएवढं, मग चमचाभर, मग उरलेलं सगळं. दर वेळी परिचारिका येऊन रक्तदाब बघायची, जीभ बाहेर काढायला सांगायची, हात उलटेसुलटे करून पाहायची आणि निघून जायची. समोरच्या खुर्चीतली आई मात्र हलत नव्हती. तिची नजर थोरलीच्या ओठांवरून कानाच्या पाळ्यांकडे, तिथून मानेकडे, मग तळहातांकडे जायची आणि परत ओठांवर यायची. हा क्रम थोरलीला पाठ होता. बोलायला लागायच्या आधीपासून ती अशीच पाहिली गेली होती.

दुपारी डॉक्टर कागद घेऊन आले.

"संपलं. तुमची अंड्याची अ‍ॅलर्जी गेलेली आहे. बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वीच गेली असणार. कुणी तपासून पाहिलं नाही, इतकंच."

"गेली म्हणजे?" आईने विचारलं. "आपली आपण?"

"लहानपणी सुरू झालेल्या दुधाच्या, अंड्याच्या अ‍ॅलर्जी पुष्कळदा जातात. शरीर शिकतं. यांचं जरा सावकाश शिकलं. मोठेपणी येतात त्या चिवट. त्या सहसा मुक्काम हलवत नाहीत." ते थोरलीकडे वळले. "आता आठवड्यातून दोनतीनदा अंडं खात जा. खाल्लं नाही तर शिकलेलं विसरायला होईल."

परतताना टॅक्सीत आईला झोप लागली. मान मागे टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून ती गाढ झोपली. थोरलीने बाहेरचं काही खाल्लं की त्यानंतरच्या तासांत आईने डोळा मिटलेला तिने कधी पाहिला नव्हता. लहानपणी तर आई रात्री दिवा घेऊन येऊन तिचा श्वास ऐकत उभी राहायची. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता थोडा. पण झोपलेल्या आईकडे पाहताना तिला असं वाटलं, की आपल्याला कामावरून कमी केलंय आणि तेही निरोप समारंभ करून.

त्या घराचा एकच कायदा होता: थोरलीला चालत नाही ते उंबऱ्याच्या आत येत नाही. अंडं नाही, अंडं घातलेला केक नाही, बिस्किटं नाहीत. पाकीट हातात आलं की आई मागची बारीक अक्षरं वाचायची, आणि मगच ते फळीवर जायचं. थोरलीचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा, तिची पुसायची फडकीसुद्धा वेगळी. अ‍ॅलर्जीचा झटका आला तर मांडीत टोचायचं इंजेक्शनचं पेन स्वयंपाकघरात दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत लटकलेलं. मुदत संपलेलं पेन आई नुसतंच बदलत नसे. सुई नसलेल्या सरावाच्या पेनाने आधी उशीच्या कडेवर दाबून पाही, मग नवीन पेन पिशवीत घाली. "हात विसरायला नको," म्हणायची. प्रत्यक्षात ते वापरायची वेळ तिच्यावर एकदाही आली नव्हती. थोरलीला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, ते असं.

धाकटी त्याच घरात वाढली. तिला सगळं चालायचं आणि काहीच मिळायचं नाही. सहासात वर्षांची असताना तिने एकदा जेवता जेवता दंड खाजवायला सुरुवात केली आणि म्हणाली, "मलापण होतंय." आईने एक नजर टाकली. "तुला अभ्यासाचा कंटाळा आलाय," म्हणाली आणि थोरलीच्या ताटाकडे वळली. नंतर कितीतरी दिवस धाकटीची ही नक्कल चालू होती. घसा खाकरायची, कान चोळायची, मधूनच डोळ्याच्या कोपऱ्यातून कोण बघतंय ते बघायची. पाहुण्यांसमोर तर फारच. पाहुणे हसायचे. थोरली हसत नसे. आपली वस्तू कुणी न विचारता उचलावी तसा तिला राग यायचा.

आता थोरली बेचाळीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि आईबरोबर राहायची. मध्ये तीन वर्षं संसार करून परत आली होती. परतीचं कारण अंडं नव्हतं, पण आईने सगळ्यांना तेच सांगितलं होतं आणि थोरलीने ते खोडून काढलं नव्हतं. धाकटी शाळेत खेळाची शिक्षिका होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहायची, पहाटे धावायची, मुलींना धावायला लावायची.

थोरली अंडं खाऊन सुखरूप परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी धाकटी आली. दारातच थोरलीला मिठी मारली.

"सुटलीस बाई. आता आपण दोघी जाऊन पोटभर केक खाऊ. आणि गंमत सांगू? तुझं सुटलं आणि मला धरलंय."

"काय धरलंय?"

"पित्त उठतं गं अंगावर. चारपाच महिने झाले. ह्या एवढ्या गांधी. एकदा तर ओठ सुजला. मुली म्हणाल्या, बाई, तुम्हाला मधमाशी चावली का."

थोरलीने तिला खुर्चीत बसवलं. दुकानात गिऱ्हाइकाला बसवते तसं, उजेडाकडे तोंड करून. "काय खाल्लं होतंस?"

"नेहमीचंच. पाव, भाजी घातलेला. डब्यात तोच असतो रोज."

"रोज?"

"रोज."

"आज सकाळी काय खाल्लंस?"

"पावच. लोणी लावून."

"मग? उठलं का काही?"

"नाही."

"कालच्या डब्यानंतर?"

"काल नाही. परवा उठलं. कधी होतं, कधी होत नाही."

"मग ती अ‍ॅलर्जी नव्हे," थोरली म्हणाली. आपला आवाज किती निवांत झालाय, हे तिलाही जाणवलं. "अ‍ॅलर्जीला मूड नसतो, चिंगे. मला आठवीत काय झालं होतं? मैत्रिणीने आधी अंडं कापलं आणि त्याच सुरीने माझं सफरचंद. तेवढ्याने दवाखान्यात. आज चालतं, उद्या नाही, असं नसतं. दमलेली असशील. उन्हात उभी असतेस दिवसभर."

"असेल," धाकटी म्हणाली. तिला वाद घालायची सवय नव्हती. या विषयात तर मुळीच नव्हती. या घरात या विषयाची मालकी कुणाकडे आहे, ते तिला ठाऊक होतं.

आई कपबशा घेऊन बाहेर आली होती. ती त्या मांडू लागली. पण तिची नजर धाकटीच्या ओठांवर गेली, आणि तिथून कानाच्या पाळीकडे.

एवढंच. डोळ्याची पापणी लवण्याइतकं. पण थोरलीचं कामच लोकांचे डोळे पाहण्याचं होतं.

त्यानंतर आईचे फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला आई आतल्या खोलीत जाऊन धाकटीला विचारायची, "आज उठलं का? कुठे? पाठीवर? थंड पाण्याचा पंचा ठेव." थोरली स्वयंपाकघरात स्वतःसाठी ऑम्लेट करत असायची. पहिल्या आठवड्यात आई शेजारी उभी राहून ती खाताना बघायची. दुसऱ्या आठवड्यात "केलंस का? बरं," म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात विचारायचंही राहून गेलं. ऑम्लेट चांगलं होत होतं. थोरलीला ते आवडतही होतं. तरी ती ते थोडं उरवायची, आई आत आली की तिला दिसावं म्हणून.

"आई, ती सोंग करतेय," एके दिवशी ती म्हणालीच.

"या वयात?"

"वयाचा काय संबंध? लहानपणी नाही का करायची? माझं गेलं तोच हिचं आलं. मुहूर्त बघ ना."

"चारपाच महिने झाले म्हणते ती."

"म्हणते."

आईने भाजी निवडता निवडता मान वर केली. "तुला काय त्रास होतोय तिच्या पित्ताचा?"

थोरली तवा घासायला वळली. खरं उत्तर असं होतं की आयुष्यभर तिने दुसरं काही मागितलं नव्हतं. चांगली नोकरी, धावणारे पाय, मोकळं घर, मैत्रिणींचे घोळके, सगळं धाकटीकडे होतं. थोरलीकडे एक आजार होता, आणि त्या आजारामागे आई होती. आता तेही उचलून न्यायचं म्हणजे अतिच झालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

रविवारी दुपारी मामा जेवायला येणार होते. आईचा धाकटा भाऊ. शिंप्याचं दुकान चालवायचे आणि सगळ्या जगाची मापं तोंडी घ्यायचे. भाची बरी झाल्याच्या आनंदात बेकरीतला खराखुरा केक आणायचं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या घरात येणारा तो पहिला केक. थोरलीने त्या दिवशी नवा कुर्ता घातला. तिला माहीत होतं, आज आई बघणार. बेकरीचा केक म्हणजे किती अंडी, कशी, कुणी फोडलेली, काही नेम नाही. आई डोळ्यांत तेल घालून बघणार. कदाचित शेवटचं, पण बघणार.

धाकटी लंगडत आली. आंतरशालेय सामन्यांत गुडघा दुखावला होता. "गोळी घेतलीय, आता ठीक आहे," म्हणाली. जेवायला सूप आणि पाव होता. तिने चांगले चारपाच तुकडे खाल्ले. थोरली बघत होती. काही झालं नाही. ‘बघ,’ ती आईला मनातल्या मनात म्हणाली.

"केक कुठाय?" आईने विचारलं.

मामांनी कपाळावर हात मारला. "गाडीत राहिला. आणि लिफ्ट बंद. चार मजले. माझ्या पोटाचं माप तुम्हाला माहितीच आहे."

"मी आणते," धाकटी उठली.

"गुडघा?" आई म्हणाली.

"गोळी घेतलीय ना. मामा, घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत आले तर पहिला तुकडा माझा."

"पहिला ताईचा," आई म्हणाली.

"बरं. दुसरा माझा."

जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज खाली जात राहिला. मग थोडा वेळ शांत. मग वर येणारा आवाज, दोनदोन पायऱ्या एकदम. ती दारात उभी राहिली तेव्हा चेहरा लाल होता, छाती वरखाली होत होती आणि केकचं खोकं मात्र सरळ होतं.

"साडेचार," मामा म्हणाले. "या वयात. हिला माझ्या गिऱ्हाइकांच्या मागे उधारी वसूल करायला पाठवायला हवं."

आईने केक कापला. पहिला तुकडा थोरलीच्या बशीत आला. आईने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही कोपर टेबलावर टेकले. मामांनीही चमचा खाली ठेवला. थोरलीने घास घेतला. मऊ, गोड, थोडा ओलसर. आईची नजर ओठांवर आली. मग कानांवर, मग मानेवर. थोरली सावकाश चावत होती. तिला घाई नव्हती. आपल्यावर ऊन पडलंय असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात धाकटीने घसा खाकरला.

ती अजून दाराजवळच उभी होती, भिंतीला टेकून. पुन्हा खाकरली. मग डावा तळहात उजव्या हाताच्या नखांनी खाजवू लागली. थोरलीने तिच्या कानांकडे पाहिलं. पाळ्या लाल होत्या. धावून आलीय, होणारच लाल, तिने स्वतःला सांगितलं. आणि लगेच दुसरा विचार आला, तो जास्त खरा होता. आजही. आजचा एक दिवससुद्धा हिला बघवला नाही.

"आई, मला जरा कसंतरी होतंय," धाकटी म्हणाली.

आई ताडकन थोरलीकडे झुकली. "तुला? काय होतंय? घसा?"

"मला नाही," थोरली म्हणाली. "ती म्हणतेय."

"तू नीट आहेस ना? आ कर बघू."

थोरलीने आ केला. आईच्या खांद्यावरून तिला धाकटी दिसत होती. खाजवणं, खाकरणं, कान चोळणं, सगळं तेच, लहानपणीचं. पुढची पायरीही थोरलीला माहीत होती: आता ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघेल, कोण बघतंय ते. थोरली त्या नजरेची वाट पाहत राहिली. एक श्वास, दोन श्वास.

धाकटीने कुणाकडेच पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीवर काहीतरी शोधल्यासारखी बघत होती. तिचा वरचा ओठ एका बाजूने जाड होत चालला होता. तिने काही म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज आला तो तिचा नव्हता. जाडाभरडा, घोंगडीखालून आल्यासारखा. थोरली तो आवाज ओळखत होती. तो बाहेरून कसा ऐकू येतो ते तिने आज पहिल्यांदा ऐकलं. आतून तो कसा असतो ते तिला ठाऊक होतं. तो काढून दाखवता येत नाही. आतून जिवाला वाटत असतं की आता आपण मरणार, आणि तेव्हा माणूस कुणी बघतंय का ते बघत नाही.

थोरलीच्या हातातून बशी निसटली.

"आई, पेन."

इतकी वर्षं उशीवर गिरवलेलं सगळं आईच्या अंगात एका क्षणात जागं झालं. खिळ्यावरून पिशवी, पिशवीतून पेन, टोपण दातांनी उडवलेलं, पेन मुठीत. या वयातली बाई एवढ्या चपळाईने हललेली मामांनी कधी पाहिली नसेल. आणि ती सरळ थोरलीपाशी आली, एका हाताने तिची मांडी दाबून धरली आणि दुसरा हात उगारला.

थोरलीने तिचं मनगट पकडलं.

"मला नाही. चिंगीला."

"चिंगीला?" आई म्हणाली. हात तसाच वर. ती मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिली, जणू हे नाव या वाक्यात कसं आलं ते तिला कळत नव्हतं. मग ती वळली. तोवर धाकटी भिंतीवरून घसरत जमिनीवर बसली होती.

आई दोन पावलं पुढे गेली, पण थोरलीने तिच्या मुठीतून पेन काढून घेतलं. घाई होती, आई अजून गोंधळलेली होती, ही कारणं खरीच होती. पण त्याखाली आणखी एक होतं: तो सराव आईने माझ्यासाठी केलेला आहे. तो हिच्यावर खर्च व्हायला नको.

तिने धाकटीला आडवं केलं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन दाबलं आणि मनात आकडे मोजले. "मामा, अ‍ॅम्ब्युलन्स. श्वास घेता येत नाही म्हणून सांगा, पित्त म्हणू नका. आई, तिचे पाय उशीवर घे. चिंगे, माझ्याकडे बघ. बघ इकडे. उठायचं नाही."

धाकटी तिच्याकडे बघत होती. थोरली तिचे ओठ बघत होती, मग कान, मग मान.

सकाळी रुग्णालयातल्या खोलीत तेच डॉक्टर आले. धाकटीचा ओठ उतरला होता, आवाज परत आला होता. डॉक्टरांनी बरेच प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "गहू."

"पण ती रोज पाव खाते," थोरली म्हणाली. "रोज. कालसुद्धा आधी खाल्ला, तेव्हा काही झालं नाही. कणभर खाल्लं तरी व्हायला हवं ना?"

"तुमचं तसं होतं. तुमची लहानपणची. हिची मोठेपणी आलेली, हिची जात वेगळी." ते धाकटीकडे वळले. "पाव खाऊन धावायला कधी जाता?"

धाकटी विचारात पडली. "सकाळी आधी धावते, मग खाते. दुपारी डब्यानंतर..." ती थांबली. "ज्या दिवशी डब्यानंतर लगेच तास असतो, त्या दिवशी."

"त्या दिवशी पित्त उठतं."

"हो."

"नुसता गहू काही करत नाही, नुसतं धावणंही नाही. दोन्ही पाठोपाठ आले की होतं. काल वरून दुखण्याची गोळी होती. तीही भर घालते. रक्त तपासून पक्कं करू, पण लक्षणं पुरेशी बोलकी आहेत. पाव बंद करायचा की पावानंतर चारपाच तास स्वस्थ बसायचं, ते नंतर ठरवू. पेन मात्र कायम जवळ." जाता जाता त्यांनी थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही ओळखलंत म्हणून. जुन्या खेळाडू."

थोरलीने मान खाली घातली. महिनाभर तिने याच जुन्या खेळाच्या जोरावर धाकटीला खोटं पाडलं होतं, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.

आई औषधं आणायला खाली गेली. खोलीत दोघीच उरल्या.

"ताई, एक विचारू? रात्रभर आई बसली होती इथे. मी कूस बदलली की उठायची. टक लावून बघते गं. मला झोपच येईना. तू कसं काय सहन केलंस इतकी वर्षं?"

"सवय होते."

"काही करायला लागलं की वाटतं, परीक्षा चालू आहे."

"मग सांग तिला. म्हणावं घरी जाऊन झोप. मी बसते."

धाकटी पांघरुणाची कड बोटांत गुंडाळत राहिली. "नको," ती म्हणाली. "राहू दे थोडे दिवस."

थोरली उठून खिडकीशी गेली.

"तुला माझा राग आलाय का?" धाकटीने विचारलं.

"राग नाही."

"मग?"

"हेवा वाटतो," थोरली म्हणाली.

धाकटी हसली. हसताना अजून घसा दुखत होता, म्हणून हळूच. "अगं, तुझा मला जन्मभर वाटत आलाय. त्यात काय एवढं."

"तू मरता मरता वाचलीस. आणि मला तेव्हाही वाटत होता. पेन हातात असतानाही."

धाकटी हसायची थांबली. थोडा वेळ तिने बहिणीकडे नीट पाहिलं. "तरी टोचलंस ना," ती म्हणाली. "बास झालं."

आई पिशवी घेऊन परत आली. तिने पिशवीतून गव्हाशिवायची बिस्किटं काढली, पाकीट उलटं करून डोळ्यांजवळ नेलं आणि बारीक अक्षरं वाचू लागली. वाचून झाल्यावर तिचं थोरलीकडे लक्ष गेलं.

"तू काल दुपारपासून उपाशी आहेस. खाली कँटीन आहे, जा, खाऊन ये."

"काय खाऊ?"

"काहीही खा गं," आई म्हणाली आणि पाकीट फोडायला लागली.

कँटीनमध्ये गर्दी होती. काउंटरवरच्या माणसाने एक गोल, तपकिरी पाव दाखवला. थोरलीच्या तोंडून आपोआप निघालं, "यात अंडं आहे का?"

"आहे," तो म्हणाला. "नको का?"

"हवंय," ती म्हणाली. तिने तो उभ्या उभ्या खाल्ला. शेजारी एक माणूस फोनवर बोलत होता, एक बाई बाळाला भरवत होती. आपण काय खातोय याकडे या जगात कुणाचंही लक्ष नाही, हे तिच्या लक्षात आलं. बाकी सगळ्यांचं जेवण रोज असंच होत असणार.

वर येऊन ती दारात थांबली. आई खाटेजवळच्या स्टुलावर बसली होती, दाराकडे पाठ करून, पुढे झुकून. धाकटीच्या हातात बिस्किट होतं. तिने नुकताच एक तुकडा तोडला होता आणि आई तो खाली उतरेपर्यंत पाहत होती. थोरलीला आईची पाठ दिसत होती. एका खांद्याकडे ती थोडी जास्त वाकलेली होती. मानेवर पांढऱ्या केसांची एक बट पिनेतून सुटली होती, आणि गळ्यातली साखळी मागे उलटी फिरून तिचा आकडा वर आला होता. हे सगळं केव्हापासून असं आहे, ते थोरलीला सांगता आलं नसतं. आई तिला समोरूनच माहीत होती. इथून आई अशी दिसते, हे धाकटीला मात्र पहिल्यापासून ठाऊक असणार.

"आई," तिने हाक मारली.

"हं," आई वळली नाही. "खाल्लंस ना?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने धाकटीला विचारलं, "घशात काही टोचतंय का? नक्की?"